नऊ सायकली आणि करंजाचे तेल

जी वस्तू ओरडते तिला तेल हवे असते, अशी भोकरमाळच्या कुंडलिकबाबांची पक्की समजूत होती, आणि अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्या समजुतीला धक्का बसावा असे काही घडले नव्हते. विहिरीचा रहाट कुरकुरला, तेल दिले, गप्प झाला. अंगणवाडीचे दार, देवळातल्या घंटेची कडी, शेजारणीचे शिवणयंत्र, सगळ्यांची गाऱ्हाणी त्यांनी अशीच मिटवली. बांधावरच्या करंजांच्या बिया ते स्वतः वेचत, मुरबाडला नेऊन घाण्यावर तेल काढून आणत आणि पडवीतल्या कोनाड्यात बाटली भरून ठेवत. गावात कोठे काही करकरले की बाबा बाटली आणि कोंबडीचे पीस घेऊन निघत. मोबदला कोणी विचारत नसे आणि त्यांनाही तो नको असे. त्यांना हवी असे ती शांतता.

हकीकत मात्र यमूची आहे. शहापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता जेथे गावाच्या फाट्याला मिळतो, त्याच्या वर टेकाडावर भोकरमाळ वसले आहे, आणि गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे, यमूच्या लोकांची पंधरा घरांची वाडी आहे. या घरांना कधी जमीन नव्हती. यमूचे बालपण भात कापणीनंतर वीटभट्टीवर आणि पावसाळ्यात परत वाडीत, असे दोन ठिकाणी वाटलेले. सायकलदुरुस्तीचे तिचे शिक्षण कोठे सुरू झाले असे विचारले, तर ती वाशिंदच्या दुकानाचे नाव आधी घेत नाही, भट्टीचे घेते.

भट्टीवर कच्च्या विटांची हातगाडी मातीच्या उतारावरून खाली न्यावी लागे. गाडीला ब्रेक नव्हते. दोघांनी पुढून पाठ लावायची आणि तिसऱ्याने मागून टाचा रोवून ओढून धरायचे, ही तेथली पद्धत. सोळा वर्षांची यमू मागे असे. एकदा गाडी हातची सुटली, पुढचे दोघे बाजूला उडी मारून वाचले आणि दीडशे विटांचा चिखल झाला. दुसऱ्या दिवशी यमूने एका लाकडी दांड्याच्या टोकाला जुन्या चपलेचा तळ खिळ्यांनी ठोकला आणि गाडी उतरताना तो तळ चाकाच्या कडेवर दाबून धरला. गाडी मांजरासारखी हळू उतरली. खाली पोहोचल्यावर तिने चपलेला हात लावला, तोच चटका बसला. त्या चटक्याचे तिला फार नवल वाटले. गाडीचा वेग गेला कोठे, या प्रश्नाचे उत्तर तिच्या बोटांना तेथे मिळाले होते. विज्ञानाच्या पुस्तकातले वाक्य तिच्या वाचनात आले ते पुष्कळ नंतर.

पुस्तकातले वाक्य सांगते ते इतकेच. चालत्या वस्तूजवळ गतीची ऊर्जा असते आणि ती नाहीशी करता येत नाही, केवळ तिचे रूप पालटता येते. सायकलच्या हँडलवरची ब्रेकची मूठ आवळली की केबल ताणली जाते आणि रबराचे दोन गुटके चाकाच्या लोखंडी कडेला, म्हणजे रिमला, दोन्ही अंगांनी चिमटीत धरतात. दिसायला गुळगुळीत असणारी रिमही बारकाईने पाहिली तर खरबरीत असते. रबर त्या उंचसखलपणाला चिकटते, अडते, ओढले जाते. या अडण्याला घर्षण म्हणतात. मूठ जितकी घट्ट, तितके घर्षण जास्त. आणि चाकाची गती त्या घासण्यात खर्ची पडून ऊब होते. मोटारसायकलच्या ब्रेकमध्येही हेच घडते. फरक साधनांचा आणि आकाराचा. रिम आणि रबर यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर आला, तर मात्र ती दोघे एकमेकांना भेटतच नाहीत. दोघांच्या मध्ये तेल सरकते आणि चाक आपल्या वाटेने फिरत राहते.

वाशिंदच्या सायकलदुकानात मालकाने यमूला पहिल्या वर्षी झाडू दिला आणि दुसऱ्या वर्षी पाना. सहा वर्षांनी ती भोकरमाळला परतली आणि रेशन दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला ताडपत्री बांधून तिने आपले दुकान मांडले: हवेचा पंप, पंक्चर शोधायला पाण्याची पाटी, दोन पाने, खोक्यात गुटके आणि केबली. ती जागा ग्रामपंचायतीची. परवानगी तोंडी होती, आणि कोणी हरकत घेतली नाही म्हणून ती दरवर्षी आपोआप पुढे चालत होती. वाडीतल्या बाईने गावाच्या मध्यावर पाना हातात धरून बसावे, हे सगळ्यांना रुचले होते असे नाही. गावातल्या नऊ मुली सायकलने फाट्यावरच्या हायस्कूलला जाऊ लागल्या आणि त्या नऊ सायकली यमूच्या हाती आल्या, तेव्हापासून दुकानाचा जम बसला. मुली शाळेत जाण्यासाठी रोज मोहाच्या उतरणीवरून खाली जात. त्या उतरणीच्या तळाशी उजवे वळण आणि वळणाच्या पलीकडे कुंडलिकबाबांचे भाताचे खाचर. ब्रेक चांगले, तोवर मुलींची शाळा. मुलींची शाळा, तोवर यमूचे दुकान. हिशेब सरळ होता.

पावसाळ्याने जुने गुटके झिजवून टाकले होते, म्हणून घटस्थापनेनंतर दोन दिवसांनी यमूने नऊही सायकलींना नवे गुटके बसवले. नवे रबर कडक असते. ते रिमला धरते, सुटते, पुन्हा धरते, आणि हे धरणे-सुटणे इतक्या भरभर होते की चाक किंचाळू लागते. संध्याकाळी नऊ मुली देवळासमोर उतरल्या की अख्ख्या गावाचे दात आंबत.

"यमूमावशी, लाज वाटते गो," दहावीतली काजल म्हणाली. "आमी आलो हे घराघरात कळतं."

"कळू दे. आठ दिवस वरडतील, मग बसतील जागेवर. वरडतात म्हंजे धरतात."

काजलला हे पटले. पडवीत बसून तो आवाज ऐकणाऱ्या कुंडलिकबाबांना मात्र ते कोणी सांगितलेच नाही.

खंडेनवमीला गावात अवजारांची पूजा असते. नांगर, कोयते, विळे, पंप, मोटारसायकली, सगळे धुऊन देवळाच्या पटांगणात मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. नऊ सायकलीही ओळीने उभ्या होत्या. अवजाराला त्या दिवशी तेलाचे बोट लावणे ही जुनी रीत. लोक जेवायला घरी गेले आणि बाबा बाटली घेऊन आले. त्यांनी रीत मनापासून पाळली. प्रत्येक चाक हाताने फिरवून रिमच्या दोन्ही अंगांना पीस फिरवले, गुटक्यांना वेगळे बोट दिले, आणि चाक गप्प झाल्याची खात्री करूनच पुढच्या सायकलीकडे गेले. अठरा चाके. कंबर धरली, पण मन भरले.

दसऱ्याच्या दिवशी कोणी सायकल काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ मुली पटांगणातून निघाल्या त्या थेट उतरणीवर. काजल पुढे होती. मोहाच्या तिसऱ्या झाडाशी तिने नेहमीप्रमाणे मूठ आवळली. काही झाले नाही. आणखी आवळली; मूठ हँडलला टेकली, पण सायकल आपली आनंदाने पळत होती. "बाजूला व्हा!" एवढेच ती ओरडू शकली, आणि बाजूला होण्याची सोय मागच्या आठजणींनाही नव्हती. वळण आले, वळण गेले. नऊ सायकली, नऊ दप्तरे आणि नऊ मुली कुंडलिकबाबांच्या पिकल्या भातात एकामागून एक आडव्या झाल्या. भात कमरेएवढे होते आणि खाली माती मऊ. काजलचे कोपर खरचटले, एकीची चप्पल हरवली, आणि बाकीच्या हसत होत्या की रडत होत्या हे बांधावरून कळत नव्हते.

अर्ध्या तासात सायकली पटांगणात परत आल्या आणि त्यांच्याभोवती गाव जमले. काजलचे वडील शेखर कल्याणला एका गोदामात नोकरीला होते. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. मुलीची सायकल त्यांनी स्वतः ढकलत आणली होती आणि तिच्या कॅरिअरवरचा हात ते काढायला तयार नव्हते.

"आठ दिवसांमागं सर्व्हिसिंग केलं ना हिनं? नऊच्या नऊ सायकली! एकीचा ब्रेक लागला नाय! खाली ट्रक असता तर?" त्यांचा आवाज कापत होता, आणि तो रागाने जितका कापत होता तितकाच भीतीने. "आजपासून सायकल बंद. चालत जायचं असंल तर जा, नायतर घरी बसून अभ्यास करा. आणि हा दुकान इथून उचला. येत्या ग्रामसभेत मीच विषय मांडतो."

चार-पाच बापांनी माना हलवल्या. चालत शाळा म्हणजे जायला तास आणि यायला, चढ असल्याने, सव्वा तास. पाठीमागे उभ्या मुलींपैकी दोघींनी एकमेकींकडे पाहिले. त्यांच्या घरी तेवढा वेळ मुलीला दिला जाणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होते.

यमू पुढे आली. तिने काजलच्या सायकलीची रिम अंगठा आणि बोट यांच्यात धरून एक वळसा फिरवली, मग बोटे नाकाशी नेली. करंजाचा कडवट वास. गावात तो वास एकाच घराचा होता. तिला सगळे कळले, आणि त्याच क्षणी आपण अडचणीत आहोत हेही कळले. कारण त्या म्हाताऱ्या माणसाने तिच्या दुकानात दुरुस्तीला पहिली सायकल आणली होती, आणि त्याचे नाव चारचौघांत घेणे तिच्या जिभेवर येईना.

तिची अडचण बाबांनीच सोडवली. गर्दीतून वाट काढत ते पुढे आले.

"पोरीला कशाला बोलतोस रे, शेखर? ब्रेक येकदम झकास हुते. मी स्वतः तेल दिलंय नवमीला. अठरा चाकांना. येक सोडला नाय!" त्यांनी पुराव्यादाखल बाटली वर धरली. ती तळाला आली होती.

मग यमूने हळूच म्हटले, "बाबा, त्याच्यामुळंच झालं."

"काय?"

"तेलानं. ब्रेकला तेल चालत नाय."

बाबांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या विहिरीत पाणी नाही असे म्हटले होते. शेखरना तर नवे बळ आले. "ऐका! तेलानं कुठली मशीन बिघडली आजवर? स्वतःची चूक म्हाताऱ्याच्या गळ्यात घालते! आता आणखी काय ऐकायचं?"

लोकांना ते खरे वाटले. तेल वाईट करते, हे या गावात कोणी कधी ऐकले नव्हते. बाबा दुखावले होते. "यमू," ते म्हणाले, "माझ्या तेलाला नाव ठेवतेस? रहाट बघ, घंटा बघ. कोण आजारी पडला माझ्या तेलानं?"

"रहाट फिरायला पायजे ना बाबा, म्हणून तेल. ब्रेकनं फिरू द्यायचंच नाय." ती क्षणभर थांबली. शब्दांनी काम होणार नाही हे तिला दिसले. तिची नजर पूजेसाठी आणून ठेवलेल्या नांगराजवळच्या कासऱ्याकडे गेली. "बाबा, तुमी बैल धरणारे. तरणेपणी पळता बैल कासऱ्यानं थांबवायचात, अख्खा गाव सांगतो. हे धरा."

कासऱ्याचे एक टोक तिने बाबांच्या हातात दिले आणि दुसरे, थोडा विचार करून, त्यांच्या पत्नीच्या. सकूकाकी हाडकुळ्या होत्या आणि त्यांनी नवऱ्याला चारचौघांत ओढण्याची संधी अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिली होती. त्यांनी पदर खोचला.

"ओढा काकी."

काकींनी ओढले. बाबा हसत उभे राहिले. दोर तसूभर सरकला नाही. "अगो, जेवली नायस का?"

"आता हात पुढं करा बाबा," यमू म्हणाली आणि बाटलीतले उरलेले तेल तिने त्यांच्या दोन्ही तळव्यांवर ओतले. "चोळा. आता धरा. काकी, ओढा."

काकींनी जोर केला तो मागच्याइतकाच, कदाचित थोडा जास्त. दोर बाबांच्या मुठीतून सुळकन निघून गेला. काकी दोन पावले मागे गेल्या, आणि बाबा, ज्यांनी सगळे बळ मुठीत घातले होते, ते तोल जाऊन झेंडूच्या पाकळ्यांवर खाली बसले.

पटांगण हसण्याने दुमदुमले. मुली तर एकमेकींच्या गळ्यात पडल्या. "आणखी तेल घाला, आणखी!" सकूकाकी म्हणाल्या. "दिव्याला ठेवत नायत, पन चाकांना अंघोळ घालतात!"

बाबा हसत नव्हते. ते खाली बसल्या जागी आपल्या तळव्यांकडे पाहत होते. मूठ उघडत होते, मिटत होते. "कोरड्या हातानं बैल धरला," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आनि त्यानं हिसडा दिला, तं हात भाजायचा. साल निघायची. पन बैल थांबायचा." मग त्यांनी वर पाहिले. "हात म्हंजे हे रबर. आनि दोर म्हंजे ही चाकाची कड. असंच ना गो?"

"असंच बाबा. हात भाजतो, तिकडंच बैलाचा जोर जातो."

"आनि मी अठरा बैलांच्या धन्यांच्या हातांना तेल लावला." एवढे म्हणून मात्र बाबा जे हसू लागले ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी आले. हसता हसता त्यांनी शेखरकडे बोट केले. "दुकान नाय, मला उचला रे इथून. नायतर आधी हात द्या, कंबर धरलीय."

पुढचे दोन तास पटांगणात जे चालले होते ते कोणत्याही सणाला शोभले असते. यमूने चुलीतली राख आणि कपडे धुण्याची पावडर मागवली. तेलकट कढई जिने जिने आयुष्यभर घासली होती, तिला रिम कशी घासायची हे शिकवावे लागले नाही. बायकांनी नारळाच्या शेंड्या घेऊन एकेक चाक वाटून घेतले. मुली पाणी ओतू लागल्या. गुटके यमूने स्वतः काढले. वरवर पुसून भागत नाही, हे तिला माहीत होते. तेलाने रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत झालेला असतो. तिने प्रत्येक गुटका विटेच्या तुकड्यावर घासून वरचा थर काढला, आतले काळेभोर, कोरडे रबर दिसेपर्यंत. छत्तीस गुटके. बाबा शेजारी बसून घासत होते. दर गुटक्याला ते विचारत, "हा झाला का? नख लावून बघ." चौदाव्या गुटक्यानंतर यमूने तपासणे सोडून दिले, बाबांचे काम तिच्याइतकेच नीट होते.

एवढे होऊनही शेखरचा हात कॅरिअरवरच होता. ते आता रागावलेले नव्हते. पण बाप म्हणून त्यांना जे हवे होते ते राख देऊ शकत नव्हती. "ठीक आहे," ते म्हणाले. "समजलं. पन उतारावर चेक कोण करणार? पोरींवर रिस्क नाय घेणार मी."

"मी करते," यमू म्हणाली.

"येकली हलकी पडशील," बाबा उठत म्हणाले. "पोर, दप्तर, डबा, एवढं वजन असतं त्यांचं. मी बसतो मागं."

"अवं, अडुसष्ट झाली!" सकूकाकी ओरडल्या.

"म्हणून तं. काय झाला तं भात आपलाच हाय."

शेखरनी कॅरिअर सोडला नाही, तेव्हा दुसऱ्या मुलीची सायकल घेतली गेली. यमू बसली, बाबा मागे दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसले, आणि गाव उतरणीच्या माथ्यावर उभे राहिले. पहिल्या मोहापर्यंत तिने ब्रेक मुद्दाम लावला नाही. दुसऱ्या मोहाशी सायकलने वेग धरला. बाबांचे उपरणे मागे उडू लागले आणि ते कोणालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने देवाचे नाव घेऊ लागले. तिसऱ्या मोहाशी तिने आधी मागचा ब्रेक आवळला, मग पुढचा, दोन्ही हळूहळू घट्ट करत. फक्त पुढचाच एकदम दाबला तर मागचे चाक उचलले जाते, हे ती मुलींना नेहमी सांगे. चाकांची गती मंदावू लागली, टायर मातीला धरून राहिले, आणि वळणाच्या चार हात अलीकडे सायकल उभी राहिली. यमूने एक पाय टेकला. बाबा मात्र लगेच उतरले नाहीत. वाकून त्यांनी रिमला बोट लावले आणि झटकन मागे घेतले.

"गरम हाय रे!" ते वर बघून ओरडले. "शेखर! गरम हाय!"

माथ्यावरच्या लोकांना त्यात एवढे आनंदाचे काय हे नीट कळले नाही, पण बाबा नाचत होते, म्हणून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. यमू आणि बाबा सायकल ढकलत वर आले. काजल आपल्या सायकलीवर बसलेली होती, दप्तर पाठीला, कोपराला हळद. तिने मागे वळून वडिलांकडे पाहिले, पण मागितले काही नाही.

शेखरनी यमूला विचारले, "आठ दिवसांनी पुन्हा बघशील?"

"दर शनवारी बघते. आणा इथंच."

"इथंच," शेखर म्हणाले आणि त्यांनी कॅरिअरवरचा हात काढला.

नऊ मुली पाचव्या तासाला शाळेत पोहोचल्या. गणवेशांवर राख होती, केसांत भाताची लोंबी होती, आणि उशीर का झाला या प्रश्नाचे उत्तर नऊजणी एकाच वेळी देऊ लागल्याने बाईंना पहिल्यांदा एक शब्दही समजला नाही.